ट्रेलरचा टंग जॅक: नाना पेठ, भोसरी आणि भाच्याच्या बॅगेतून आलेला

ट्रेलर गाडीपासून सोडवला की पुढून ज्या एका पायावर तोलून राहतो, त्या टंग जॅकची चौकशी करायला गेलात की पुण्यातला दुकानदार पहिलं विचारतो, "किती टनाचा?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. आधी जॅक ज्यात बसतो त्या प्लेटला भोक किती मिलिमीटरचं आहे, मग ट्रेलरची पुढची दांडी जमिनीपासून किती उंच आहे, मग गाडीचं मागचं दार कसं उघडतं, आणि मग हँडल फिरवणार कोण. एवढं ठरलं की टनाचा आकडा आपोआप पुरून उरतो. भोसरीत एमआयडीसीत परचेस डिपार्टमेंटला माझं अर्धं आयुष्य गेलंय. कॅटलॉगमधल्या ठळक अक्षरांपेक्षा खालच्या बारीक ड्रॉइंगवर माझा जीव जास्त, त्यामुळे हा रिव्ह्यू थोडा मापांचा होणार आहे. ज्यांना फक्त "घेऊ का नको" एवढंच हवंय त्यांच्यासाठी: आम्ही साइड-वाइंड प्रकारचा (हँडल बाजूला), २००० पाउंडांचा, १५ इंच स्ट्रोकचा (पाय तेवढा बाहेर येतो) जॅक घेतला. पाचपैकी चार देईन. पाचवा का नाही ते पुढे येईल.

आमचा ट्रेलर छोटा आहे. दोघं झोपतील एवढी जागा, एक ओटा, एक सिंक, एकच ॲक्सल, सामान भरून ८५० किलोच्या आसपास. ओढायला बोलेरो. सोसायटीने आत लावू दिला नाही (त्या मीटिंगवर स्वतंत्र लिहावं लागेल, त्यात दोन माजी चेअरमन आहेत), म्हणून तो डोणज्याला मैत्रिणीच्या प्लॉटवर उभा असतो. तिथे त्याला पुढून तोलून धरतो तो हा टंग जॅक. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण कॅराव्हॅनचे सुटे भाग अजून काही दुकानाच्या काचेत लागलेले नाहीत. शोधावंच लागतं.

जुना जॅक कॉम्प्रेसरच्या ट्रॉलीवर असतो तसला होता. शेवटी शेवटी त्याचं हँडल मजेत फिरायचं आणि पाय जागचा हलायचा नाही. तुमच्याकडे असं झालं तर लगेच नवा घेऊ नका. हँडल फुकट फिरत असेल तर बहुतेक वेळा गिअरची पिन कापलेली असते, किंवा गिअरचे दात गेलेले असतात. पिन काही रुपयांत मिळते. हँडल फिरतंय पण जड झालंय, किंचाळतंय, तर आटे कोरडे पडलेत किंवा वरचं थ्रस्ट बेअरिंग संपलंय. आमच्याकडे वरून पावसाचं पाणी आत जाऊन नटाचे आटेच झिजले होते. तिथे दुरुस्तीचा विषय संपला.

आता वजन. अमेरिकेत ट्रेलरच्या नाकावर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा असं मानतात. कमी पडला तर ट्रेलर मागून शेपूट हलवायला लागतो. आमच्या नाकावर किती आहे ते बाथरूममधल्या वजनकाट्यावरच मोजलं: काट्यावर फळी, फळीवर ठोकळा, ठोकळ्यावर कपलर (दांडीचं टोक, जे गाडीच्या मागच्या बॉलवर, म्हणजे लोखंडी गोळ्यावर बसतं). ट्रेलर सपाट आणि सामान भरलेला. ८८ किलो आले. (ट्रेलर मोठा असेल आणि काटा पुरत नसेल तर तीन फुटी भक्कम फळी घ्या. एक टोक काट्यावर, दुसरं तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर, आणि नाक ठोकळ्यापासून एक फुटावर टेकवा. काट्यावर येईल त्याची तिप्पट करा. फळीचं स्वतःचं वजन आधी वजा करायला विसरू नका.)

पण जॅकवर ८८ येत नाहीत, थोडे जास्त येतात, कारण जॅक कपलरच्या मागे, ॲक्सलच्या जवळ बसतो. आमच्याकडे ॲक्सलपासून बॉल ३०० सेंटिमीटरवर आणि जॅक २५५ वर. ८८ गुणिले ३०० भागिले २५५, म्हणजे १०३ किलोच्या जरा वर. १००० पाउंडांचा जॅक म्हणजे ४५४ किलो. तोही चौपट झाला. ३५०० किंवा ५००० पाउंडांचे जॅक ज्यांना लागतात त्यांचे ट्रेलर तीन-चार टनांचे असतात, किंवा ते वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या (नाकाचं वजन गाडीच्या पुढच्या चाकांवरही वाटून देणाऱ्या जोडणीच्या) स्प्रिंग बारवर ताण चढवताना जॅकने ट्रेलरच्या नाकासोबत गाडीची मागची बाजूसुद्धा उचलतात. आपल्याकडे ते हिच कुणाकडे मी पाहिलेलं नाही. मग मी २००० पाउंड, म्हणजे ९०७ किलोचा का घेतला? कारण लेबलवरचा आकडा सरळ वरून खाली येणाऱ्या वजनाचा असतो. पाय पूर्ण बाहेर आलेला असताना ट्रेलर जरा जरी पुढेमागे सरकला तरी तो पाइपला वाकवायला बघतो. २००० च्या जॅकचा पाइप जाड, त्यामुळे वाकायला अवघड. पैसे मी पाइपच्या जाडीचे दिले.

मापं घेताना तीन गोष्टी पाहिल्या. एक, प्लेटचं भोक ६० मिलिमीटर, कारण जुना जॅक ६० च्या पाइपचा होता. दुसरी, ट्रेलर सपाट असताना प्लेटपासून जमीन ४५ सेंटिमीटर. बॉलवरून कपलर मोकळा निघायला आणखी दहा-बारा सेंटिमीटर उचलावा लागतो, आणि डोणज्याचा प्लॉट पुढच्या बाजूला उतरता आहे, म्हणजे पाय प्लेटखाली ६० पर्यंत पोचायला हवा. उलट रस्त्यावर पाय पूर्ण वर घेतल्यावर जमिनीपासून निदान २० सेंटिमीटर राहायला हवा. सिंहगड रोडचे स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिलेत त्यांना हे का ते सांगायला नको. १० इंच स्ट्रोकचा जॅक या दोन्ही अटींत बसत नव्हता. १५ इंचाचा, म्हणजे ३८ सेंटिमीटरचा, बसला: आत घेतला की प्लेटखाली २५, बाहेर काढला की ६३.

तिसरी गोष्ट म्हणजे दार. बोलेरोचं मागचं दार बाजूला उघडतं, स्टेपनीसकट. ट्रेलर जोडलेला असताना दार उघडायचं असेल (आणि वाटेत चहाचा डबा नेमका डिकीतच असतो) तर ते जॅकच्या डोक्यावरून जायला हवं. मी मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, ड्रॉइंगवरून जॅकचं डोकं आणि हँडल आखून कापलं, दांडीवर चिकटपट्टीने उभं केलं आणि दार फिरवून पाहिलं. टॉप-वाइंडचा (हँडल वर असलेल्या जॅकचा) पुठ्ठा दाराने आडवा केला. साइड-वाइंडचा, हँडल खाली पाडलेलं असताना, दोन बोटं खालून सुटला. कंपाउंडवरून बघणाऱ्या शेजारच्या काकांनी विचारलं, "शाळेचं प्रोजेक्ट आहे का?" नातवंडं अजून झालेली नाहीत, पण नाही म्हणायचा कंटाळा आला.

मग बाजार. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर्सची दुकानं ओळीने आहेत. ट्रेलरचा जॅक म्हटल्यावर निम्म्यांनी हायड्रॉलिक बॉटल जॅक पुढे केला. एका दुकानात मात्र नीट विचारलं, कशाला हवाय, कुठे बसणार, आणि माळ्यावरून तीन नग खाली आले. तिन्ही कॉम्प्रेसर आणि जनरेटरच्या ट्रॉलीला लागतात तसले, वर आडवी मूठ, खाली गोल पाय. मी पर्समधून व्हर्निअर काढला तसा दुकानदार हसला. "ताई, तुम्ही इन्स्पेक्शनला आलात का खरेदीला?"

"दोन्हीला," म्हटलं.

कुठलाही जॅक घेताना दुकानातच ही परीक्षा घ्या: पाय पूर्ण बाहेर काढायचा, डोकं एका हाताने घट्ट धरायचं आणि पायाचं टोक दुसऱ्या हाताने हलवायचं. आतल्या आणि बाहेरच्या पाइपमधली सुट तिथे कळते. एक नग खुळखुळ्यासारखा वाजला, टोकाला बोटभर हलत होता. दुसरा बरा होता, पण पाइपची शिवण आतून घासलेली नव्हती आणि वर-खाली करताना एका जागी अडकत होता. तिसरा खरंच चांगला होता, ६० म्हणाले आणि ५९.६ निघाला, सुट कमी, अडीच हजारांच्या आत. तो मी घेणारही होते. पण दुकानदारच म्हणाला, "हे कंप्रेसरवाले नेतात. त्यांचं एकदा उभं केलं की महिनोन् महिने तिथेच. तुमचं सारखं वर-खाली. वरचं बेअरिंग साधं आहे, त्यावर मी शब्द देणार नाही." माल विकायला बसलेला माणूस स्वतःहून असं सांगतो, तेव्हा त्या दुकानाला पाचपैकी पाच. बोल्ट, वॉशर, ग्रीस मी तिथूनच घेतलं.

त्याच दुकानात युरोपियन पद्धतीचं जॉकी व्हीलही होतं, ४८ मिलिमीटरचा पाइप आणि दांडीच्या बाजूला क्लॅम्प. युरोपात कॅराव्हॅनला सहसा हेच असतं आणि ते वाईट नाही. चाक असल्यामुळे सिमेंटच्या अंगणात ट्रेलर हाताने फिरवता येतो. पण मला ते दोन कारणांनी नको होतं. क्लॅम्पची पकड मुठीच्या आवळण्यावर असते, ती ढिली पडली की पाइप घसरतो. आणि डोणज्याची काळी माती पावसात अशी होते की अरुंद चाक रिमपर्यंत आत जातं. शिवाय उतारावर पायाला चाक म्हणजे ट्रेलरला पळायची मुभा. जॅक काहीही असो, कपलर सोडायच्या आधी ट्रेलरच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेच पाहिजेत. चाकवाला असेल तर दोनदा बघा.

भोसरीतल्या आमच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरचा प्रस्ताव वेगळाच होता. "म्याडम, ट्रॅक्टर ट्रॉलीचा जॅक लावून देतो. वर हत्ती उभा केला तरी हलणार नाय." हलणार नाही हे खरंच. काट्यावर ठेवला तर १५ किलोच्या वर भरला. म्हणजे नाकावर आयुष्यभराचे जादा १५ किलो, तेही गाडीच्या मागच्या स्प्रिंगवर. शेतात माल भरलेली ट्रॉली उभी करायची असेल तर त्याला तोड नाही. दोन गाद्या आणि एका सिलिंडरसाठी नको.

इलेक्ट्रिक जॅकचा विचार नवऱ्याने केला होता, कारण बटण. तो प्रकार वाईट नाही, आणि लोक म्हणतात तसा बॅटरीखाऊही नाही. १२ व्होल्टवर भार असताना २५-३० अँपिअर घेतो, पण दोन मिनिटंच, म्हणजे एका वेळेला बॅटरीतून जेमतेम एक अँपिअर-तास जातो. खरी गोम वायरिंगमध्ये आहे. गाडीच्या दिव्यांच्या प्लगमधून ओढलेल्या बारीक वायरीवर तो चालवायचा नाही. ट्रेलरवर स्वतःची बॅटरी, तिच्याजवळ ३० अँपिअरचा फ्यूज, तिथून ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आणि चेसिसला रंग खरवडून पक्की अर्थिंग, हे सगळं हवं. मोटर बिघडली तर पुण्यात सेल्फ-स्टार्टर भरणारे कारागीर डीसी मोटर भरून देतील, त्याची मला धास्ती नाही. धास्ती पाण्याची. पावसाळ्यात ताम्हिणीतून उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांचा सगळा चिखल आणि पाणी थेट त्या डोक्यावर येतं. ज्यांचा ट्रेलर दोन टनांचा आहे किंवा ज्यांना वाकताच येत नाही त्यांनी जरूर घ्यावा, फक्त रबरी बुचाखाली हाताने फिरवायची सोय आहे ना ते पाहून.

उरले हाताचे दोन प्रकार, टॉप-वाइंड आणि साइड-वाइंड, आणि माझ्या दृष्टीने खरा निर्णय इथे होता. टॉप-वाइंडला हँडल वर असतं आणि आडव्या वर्तुळात फिरतं, बसून जातं ओढावं तसा हात फिरतो. बऱ्याच जॅकमध्ये ते थेट स्क्रूला जोडलेलं असतं, गिअर नाही, म्हणून काम भराभर होतं आणि बिघडायला भाग कमी. साइड-वाइंडला हँडल बाजूला, उभ्या वर्तुळात, आणि आत कोनातल्या गिअरची जोडी. भाग वाढले, बाजूला जागाही जास्त लागते. दांडीवर सिलिंडरची पेटी असेल तर बोटांची सालं निघतील, आधी मोजा.

माझा उजवा खांदा फ्रोझन शोल्डरमधून अजून पूर्ण सुटलेला नाही. या दुखण्यात खांद्याचं बाहेरच्या बाजूला वळणं सगळ्यात जास्त अडतं, आणि आडव्या फेऱ्यात नेमकं तेच लागतं. उभ्या फेऱ्यात कोपर अंगाशी ठेवून काम बरंचसं कोपरावर निभावता येतं. मी दांडीशेजारी पाट टाकून बसते. हँडल तेव्हा कमरेच्या जरा वर येतं आणि हात खांद्याच्या उंचीवर जात नाही. फिजिओथेरपिस्टला व्हिडिओ दाखवला तर तिने फक्त "डावा हातही वापरा" एवढंच सांगितलं. बाजूचं हँडल दोन्ही हातांनी आळीपाळीने फिरवता येतं, हा त्याचा आणखी एक फायदा. दार आणि खांदा, दोघांनी मिळून साइड-वाइंडला मत दिलं.

हा प्रकार मला नाना पेठेत मिळाला नाही. परदेशातून मागवायचा तर जॅकपेक्षा कुरिअर महाग. तेवढ्यात बहिणीचा मुलगा टेक्सासहून येणार होता. तिकडे बुलडॉग, फुल्टन, लिपर्ट अशा कंपन्यांचे जॅक गावोगावच्या दुकानांत असतात आणि साधा हाताचा जॅक पन्नासएक डॉलरला मिळतो. भाचा म्हणाला, "अगं मावशी, लोक चॉकलेटं मागवतात, परफ्यूम मागवतात. तू लोखंड मागवतेस." पण आणला. साडेसहा किलोचं ते धूड २३ किलोच्या बॅगेत त्याच्या जीन्समध्ये गुंडाळून आलं. मी घेतलेल्या जॅकच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच मापाचा जॅक तिकडे चारजण विकतात आणि पुढे मी थोड्या तक्रारी करणार आहे.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर, कारण इथे घाई झाली की सगळं फुकट जातं. अमेरिकन जॅकचा पाइप सव्वादोन इंचांचा, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर. आमचं भोक ६० चं. चहूबाजूंनी सुमारे दीड मिलिमीटरची फट राहते, ती चालते, कारण जॅकला धरून ठेवतात ते त्याच्या कॉलरचे (पाइपभोवतीच्या पट्टीचे) तीन बोल्ट. हे तीन बोल्ट त्रिकोणात असतात आणि आमच्या प्लेटला ती भोकं नव्हती. फॅब्रिकेटर टेपने मोजून खुणा करायला निघाला होता. मी थांबवलं. जॅक भोकात उभा केला, हँडलची दिशा ठरवली, दार फिरवून पाहिलं, आणि जॅकच्याच कॉलरमधून पंच मारला. मग जॅक बाहेर काढून ड्रिल. तिन्ही भोकं पहिल्या फटक्यात जुळली.

आता बोल्ट. कॉलर प्लेटच्या वर बसते. जमीन जॅकला वर ढकलते आणि ट्रेलर प्लेटला खाली ओढतो, म्हणजे कॉलर प्लेटपासून उचकटायला बघते. नाकाचं सगळं वजन या तीन बोल्टांच्या ताणावर लटकतं. म्हणून डब्यातले बिनछापाचे बोल्ट नकोत. डोक्यावर ८.८ कोरलेले घ्या. एम-१० मापाचा ८.८ चा एक बोल्ट तीन टनांहून जास्त ताण कायमचा न लांबता सोसतो, त्यामुळे बोल्ट तुटायची काळजी नाही. प्लेट पातळ असेल तर ती मात्र वाकेल. आमची ८ मिलिमीटरची आहे. जॅकसोबत अमेरिकन बोल्ट आले नव्हते. मूळ माप ३/८ इंचाचं, पण कॉलरची भोकं १०.४ निघाली आणि एम-१० अलगद बसला. खाली जाड वॉशर आणि नायलॉक नट (हादऱ्याने ढिला न होणारा). कुणाला इंचीच वापरायचे असतील तर एक सावधगिरी: ३/८ चे ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही बोल्ट इंचाला १६ आट्यांचे असतात, एकाचा नट दुसऱ्यावर चढतोही, पण आट्याचा कोन एकात ५५ अंश आणि दुसऱ्यात ६०. नट आणि बोल्ट एकाच पेटीतले घ्या. ड्रिल आणि फिटिंगचे ६०० रुपये झाले. जुना जॅक फॅब्रिकेटरनेच भंगाराच्या भावाने वळता करून घेतला.

वापरात कसा आहे? भार असतानाही हँडल हलकं फिरतं, एका हाताने, बोलत बोलत. पण सावकाश. दहा फेऱ्यांना जेमतेम एक इंच. बॉलवरून सोडवायला तेवढं ठीक, पण पूर्ण वरून खाली आणायचा तर दीडशे फेरे. वर पिन काढून पाय झटकन खाली सोडायची सोय या मॉडेलला नाही, तिकडे ती जड जॅकना असते. पाचवा तारा यात गेला. यावर तोडगा म्हणजे ठोकळा. बाभळीचा फूटभर चौरस, तीन इंच जाड ठोकळा पायाखाली सरकवला की तीस फेरे वाचतात, पाय कमी बाहेर येतो म्हणून जॅक हलतही कमी, आणि काळ्या मातीत पायाची छोटी प्लेट रुतत नाही. दिवेआगरला सुपारीच्या वाडीत पुळणीसारखी वाळू होती, तिथे ठोकळ्याखाली प्लायवूडचा तुकडाही टाकला. तिथल्या यजमानांनी प्रेमाने चिऱ्याचे तुकडे आणून दिले होते, ते चाकांना लावले, जॅकखाली नाही. जांभ्यावर एका ठिकाणी भार आला की कोपरा ढासळतो.

बाकी तक्रारी किरकोळ. हँडलची काळी मूठ प्लास्टिकची आहे आणि रस्त्यावर टकटक वाजते. सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधल्यावर गप्प झाली. हँडल घासतं तिथला काळा पावडर कोट पहिल्याच पावसाळ्यात उडाला. झिंक केलेला रुपेरी मिळाला तर तो घ्या, कोकणच्या खाऱ्या हवेला बरा. आणि हँडलचा दांडा डोक्यात शिरतो तिथून पाणी आत जाऊ शकतं. त्यावर एक किलोच्या श्रीखंडाचा रिकामा डबा, बाजूला खाच पाडून, उलटा घालते. नवऱ्याला तो दृष्टीला खुपतो. गिअर मात्र कोरडे राहिलेत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वरची टोपी काढून गिअरला लिथियम ग्रीस, आतल्या पाइपला फक्त पुसून सिलिकॉन स्प्रे. तिथे ग्रीस चोपडलं तर धूळ बसून किसणीसारखं काम होतं. ट्रेलर उभा असताना आत जायच्या आधी चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडतो, नाहीतर दोघं पुढच्या बाजूला बसलो की वजन जॅकवर येतं. आणि या जॅकवर उचलून कुणीही खाली शिरायचं नाही, टायर बदलायलासुद्धा नाही.

ज्यांचं मागचं दार वर उघडतं आणि खांदे शाबूत आहेत त्यांनी टॉप-वाइंड घ्यावा, स्वस्त आणि लवकर काम उरकणारा. त्यांनीही पुठ्ठा कापून बघावा, कारण वर उघडणारं दारही खालच्या कडेने हँडलला गाठू शकतं. सामानाची छोटी ट्रॉली सिमेंटच्या पार्किंगमध्ये ठेवणाऱ्यांना ४८ चं जॉकी व्हील पुरे. ज्यांच्या प्लेटला आधीच ६० चं भोक आहे आणि ट्रेलर वर्षातून दोनदाच हलतो, त्यांनी अमेरिकेतल्या भाच्यांना त्रास देऊ नये, नाना पेठेतला तिसरा नग आणावा.

सुट्या भागांचं म्हणाल तर या जॅकचे गिअर इथे मिळणार नाहीत, हे धरूनच चालले आहे. हँडलची स्प्रिंग पिन मात्र काढून मापली, पावणेपाच मिलिमीटरची निघाली. त्याच दुकानात ५ ची मिळते. दोन आणून ठेवल्यात. वेळ आली तर भोक ५ ला मोठं करून बसवायची.